पिनॅकल्स नॅशनल पार्क : एक डोंगर, दोन दारं आणि दोन धपाटी कमी

रानजाई
बे एरियातल्या (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मंडळींसाठी धागा काढतेय. मार्चच्या तिसऱ्या शनिवारी पिनॅकल्सला जाऊन आलो. फजिती झाली, पण जागा इतकी आवडली की परत जाणार आहे. कुणी जाणार असेल तर निदान आमची चूक तरी करू नये.

आम्ही दोन गाड्या. आमच्या गाडीत मी, नवरा, लेक आणि सगळ्यांचं पाणी. नवऱ्याच्या मित्राच्या गाडीत तो, त्याची बायको, दोन पोरं, माझे सासरे अण्णा (वय ७१, मुक्काम सातारा, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येणारे) आणि खाण्याची पिशवी. अण्णा त्या गाडीत का? कारण तिथली पुढची सीट जास्त मागे जाते. पिशवी त्या गाडीत का? कारण जिथे धपाटी तिथे अण्णा.

ठरलं इतकंच होतं, 'साडेनऊला पिनॅकल्सच्या गेटवर भेटू.' आता हे नीट वाचा. या पार्कला दोन दारं आहेत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि त्यांना जोडणारा गाडीरस्ता नाही. मध्ये डोंगर आहे, तोच बघायला आपण जातो. आम्ही हॉलिस्टरवरून हायवे २५ धरून पूर्वेला पोचलो. मित्राच्या फोनने त्याला हायवे १०१ वरून सोलेडॅडला नेलं आणि तिथून बोळासारख्या नागमोडी रस्त्याने पश्चिमेच्या दारात उभं केलं. दोन्हीकडे पाटी एकच. आमच्याकडे तर पार्कच्या बऱ्याच आधी रेंज गेली होती.

सव्वादहापर्यंत आम्ही त्यांना नावं ठेवली. मग पोटात गोळा आला. शेवटी मी रेंजरबाईंकडे गेले. वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांनी विचारलं, "ते पलीकडे तर नाहीत ना?" हा प्रश्न त्या दर शनिवारी विचारत असणार. त्यांनी वायरलेसवर चौकशी केली. दहा मिनिटांनी निरोप आला की पलीकडे एक आजोबा काठी घेऊन उभे आहेत आणि ते चालत येतो म्हणतायत.

गाडीने वळसा घालायचा तर सोलेडॅडला परत, खाली किंग सिटी, मग पुन्हा वर. तास-दीड तास सहज. पायी मात्र बाल्कनीज केव्हमधून साडेतीन-चार मैल. अण्णांनी हिशेब केला, "म्हणजे पाच-सहा किलोमीटर. त्याला गाडी कशाला?" मित्राला बायकोने हुकूम सोडला, 'तू त्यांच्याबरोबर जा, मी पोरांना घेऊन वळसा घालते.' पिशवी अण्णांनी खांद्याला मारली. ती गाडीत ठेवा असं कुणाला सुचलं नाही, सुचलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

ती वाट आमच्या बाजूला जिथे बाहेर येते, त्या ओल्ड पिनॅकल्स ट्रेलच्या तोंडाशी आम्ही जाऊन बसलो. उपाशी. लेकीच्या दप्तरात निम्मं पाकीट बिस्किटं निघाली, ती तिघांत मोजून खाल्ली. सव्वा वाजता झाडीतून आधी काठी दिसली, मग डोक्याला बांधलेला पंचा, मग अण्णा. पँट मागून पूर्ण मातकट. मित्र त्यांच्या मागे पन्नास पावलांवर, धापा टाकत. अण्णांचं पहिलं वाक्य, "गुहा चांगली आहे. फक्त कुणी पायऱ्या खोदल्या नाहीत, बसून घसरावं लागतं." गाडीवाली मंडळी त्यानंतर वीस मिनिटांनी आली, कारण पूर्वेच्या दारावर तोवर ही मोठी रांग.

धपाटी सोडली. मी वीस केली होती, अठरा निघाली. मित्र म्हणतो त्याने पिशवीला हात लावला नाही. प्रकरण अजून उलगडलेलं नाही.

आता प्रश्न. त्या दिवशी उशीर झाल्याने वर सुळक्यांपर्यंत गेलोच नाही. अण्णा एप्रिलअखेर परत जाणार आहेत, त्याआधी त्यांना वर न्यायचंय. हाय पीक्स (सुळक्यांवरून जाणारी वाट) त्यांना झेपेल का? कुणी अलीकडे केलंय?

चहाबाज
अण्णांचे पाय आधी स्कॅन करून पाठवा.
आणि धपाटी पोरांनी खाल्ली. केस क्लोज.

रानजाई
पोरं धपाटं खात नाहीत. पोरं केचप खातात. केस ओपन.

टेकडीवाला
रानजाई, मी पाच-सहा वेळा गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वेच्या दाराने जा आणि बेअर गल्चला गाडी लावा. वसंतात शनिवार-रविवारी ते पार्किंग सकाळीच भरतं, त्यामुळे आठच्या आत पोचा. नऊला पोचलात तर दिवस गाड्यांच्या रांगेत जाईल. तिथून काँडर गल्च ट्रेलने चढून हाय पीक्सला वळसा मारून खाली यायचं. ५.३ मैलांचं वर्तुळ, चढ सुमारे १३०० फूट. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्या माणसाला चढाची चिंता नाही.

चिंता करायची ती 'स्टीप अँड नॅरो' या टप्प्याची. नावातच सगळं आलं. सुळक्यांच्या अगदी माथ्यावर अर्धा-पाऊण मैल वाट अशी आहे की खडकात पावलापुरते खळगे कोरलेत आणि बाजूला लोखंडी कठडा. काही ठिकाणी खळगा इतका उथळ की माझा दहा नंबरचा बूट निम्मा बाहेर. एका जागी कपार डोक्यावर येते, तिथे कठडा धरून बाहेरच्या बाजूला झुकत पुढे सरकायचं. खाली बघितलं नाही तर काही नाही. हे काम १९३० च्या दशकातलं, महामंदीत बेकार पोरांना सरकारने काम दिलं तेव्हाच्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या तुकड्यांचं. ज्यांनी हरिहर गड केलाय त्यांना हात आपोआप खोबणी शोधताना दिसतील. हरिहरला बोटं अडकवायला खोबण्या आहेत, इथे त्या जागी कठडा. उभेपणात हरिहर पुढे, लांबीत हे पुढे.

काठी मात्र त्या टप्प्यावर अडचण करते. घडीची काठी आणा आणि तिथे पाठीला लावा. दोन्ही हात मोकळे हवेत.

पाणी माणशी तीन लिटर. वर नळ नाही, सावली जवळजवळ नाही. मे संपल्यावर जाऊच नका. उन्हाळ्यात पारा १०० फॅरनहाइटच्या वर जातो आणि तो खडक तव्यासारखा तापतो. फेब्रुवारी ते मे हा खरा हंगाम.

अण्णांना तो टप्पा नको वाटला तर काँडर गल्चच्या ओव्हरलुकपर्यंत जाऊन परत या. पायथ्यापासून साधारण एक मैल. कठड्याशी उभं राहिलं की सगळे सुळके समोर. खरं सांगू का, बघायला तिथूनच जास्त चांगलं दिसतं. वर गेल्यावर आपण सुळक्यांतच असतो, मग सुळके कसे दिसणार?

गोदाकाठ
टेकडीवाला, +१. फक्त त्या निम्मा बूट बाहेर राहतो त्या टप्प्यावर शनिवारी समोरून येणारी गर्दी असते, तेव्हा कठड्याला धरून थांबायची तयारी ठेवावी. मी आठ मिनिटं एका पायावर उभी होते. समोरून अख्खी शाळा उतरत होती.

बेसाल्ट
धपाट्यांच्या गोंधळात मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. हा डोंगर इथला नाही.

हे एका जुन्या ज्वालामुखीचे अवशेष आहेत. वय साधारण २.३ कोटी वर्षं. तो ज्वालामुखी आत्ताच्या लँकेस्टर गावाजवळ होता, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला. सॅन अँड्रियास भ्रंशाने (जमिनीतली लांबलचक भेग) त्याचे दोन तुकडे केले. एक तिथेच राहिला, त्याला नीनाक म्हणतात. दुसरा पॅसिफिक भूपट्टावर बसून वायव्येला सरकत सरकत १९५ मैल आला. आपण बघतो ते हे सुळके. वेग साधारण आपली नखं वाढतात तेवढा. दोन्हीकडचे दगड ताडून बघितले, जुळले, म्हणून तर कळलं.

आपल्याकडचा सह्याद्री याच्याहून जुना, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि स्वभावाने वेगळा. आपला बेसाल्टचा रस (लाव्हा) पातळ होता. तो लांबवर पसरला, थरावर थर बसले, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथ्याला सपाट. इथला रायोलाइटचा रस घट्ट, काकवीसारखा. फार वाहत नाही, जागीच साठतो. त्यात ब्रेशिया, म्हणजे आधी फुटलेले तुकडे पुन्हा चिकटून झालेला खडक. वर जाल तेव्हा एखाद्या सुळक्याला नाक लावून बघा. दाण्याची चिक्की दिसेल, दाणे मुठीएवढे.

जाता-येता हॉलिस्टर गावात थांबा. तिथून कॅलावेरास भ्रंश जातो आणि तो झटके न देता हळूहळू सरकत राहतो. काही गल्ल्यांत फुटपाथची कड सरळ येते आणि मधेच बोटभर बाजूला वाकते. मुलांना भूगोल दाखवायला याहून सोपी जागा नाही. पार्किंग फुकट.

चहाबाज
म्हणजे डोंगरसुद्धा चुकीच्या गेटला आला.

बेसाल्ट
😀 हे आवडलं.

आईची_धावपळ
मी मुलांना (६ आणि ९) घेऊन ऑक्टोबरात गेले होते. हाय पीक्सच्या वाटेला गेलेच नाही. मोझेस स्प्रिंग ट्रेलने बेअर गल्च केव्हमधून वरच्या तलावापर्यंत जायचं आणि रिम ट्रेलने उतरायचं. २.२ मैल. मुलांसाठी यापेक्षा चांगली वाट मी कॅलिफोर्नियात बघितली नाही.

या गुहा आपल्या लेण्यांसारख्या कोरलेल्या नाहीत आणि चुनखडीच्याही नाहीत. अरुंद घळीत वरून घरंगळलेल्या घराएवढ्या शिळा अडकून बसल्यात आणि त्यांच्या खाली जो बोगदा उरला ती गुहा. डोक्यावर अधांतरी शिळा, पायाखाली पाण्याचा आवाज, कठड्याच्या पायऱ्या, मध्येच अंगठ्याएवढ्या फटीतून ऊन. धाकटा म्हणाला, "आई, हे डोंगराचं पोट आहे का?" मी हो म्हटलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा.
टॉर्च प्रत्येकाची वेगळी हवी, शक्यतो डोक्याला लावायची. फोनचा उजेड चालतो असं वाटतं, पण एका हातात फोन आणि एका हातात पोर असेल तर कठडा कशाने धरणार?
आणि गुहा उघडी आहे का ते पार्कच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. तिथे मोठ्या कानांची टाउनसेंड वटवाघळं पिल्लं वाढवतात, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत गुहा बंद असते. एरवीही बहुधा खालचा निम्मा भागच उघडा असतो. अख्खी गुहा मार्च आणि ऑक्टोबरात काही दिवसच उघडते. आमच्या एका ओळखीच्यांनी जूनमध्ये मेमोरियल डेच्या पुढच्या आठवड्यात पोरांना गुहेचं आमिष दाखवून नेलं आणि कुलूप बघून परत आले. पोरं अजून ऐकवतात.

कोथरूडचा_नाना
वाचतोय. तुमचं सगळं छान आहे हो, कठडे काय, रेंजरबाई काय, वायरलेस काय. आमच्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आडवं झोपून खाली बघायचं आणि आपला आपण जीव सांभाळायचा. फुकटात. उगाच ३० डॉलर भरून चिक्की बघायला कोण जाईल?

टेकडीवाला
नाना, कोकणकड्याला तोड नाही, मान्य. पण कोकणकड्यावर मागच्या वेळी मी वेफर्सच्या पिशव्यांवर आडवा झालो होतो. इथे पाच वेळांत एक कागद दिसला नाही. तिकिटाचे पैसे त्याचेच असावेत.

कोथरूडचा_नाना
ते मात्र खरं बोललास. गप्प बसतो.

गोदाकाठ
कचरा नसेल पण आवाजाचं काय? मागच्या वसंतात आपलाच एक मोठा ग्रुप (मराठी होता, पैज लावते) सुळक्यांवर ब्लूटूथ स्पीकर घेऊन गाणी लावत चालला होता. माथ्यावर घोषणा. समोरच्या खडकावर एक आजोबा दुर्बीण लावून तासभर बसले होते, ते मुकाट्याने उठून गेले. मला मराठी येत नाही असा चेहरा करून मी पुढे गेले. गड चढल्यावर घोषणा आपोआप येते हे मलाही कळतं, पण तो गड नाही.

गिधाडमित्र
गोदाकाठ, ते आजोबा बहुधा काँडरची वाट बघत होते.

कॅलिफोर्निया काँडर हे गिधाडच, पण पंखांचा विस्तार साडेनऊ फूट. १९८७ साली जगात एकूण २७ उरले होते. रानातला शेवटचा पक्षीही त्या वर्षी पकडून पिंजऱ्यात आणला, म्हणजे आकाशात एकही नव्हता. त्यांची पिंजऱ्यात पैदास करून पुन्हा सोडायला लागले. पिनॅकल्समध्ये २००३ पासून सोडतात. प्रत्येकाच्या पंखाला नंबरचा बिल्ला असतो, दुर्बिणीतून वाचता येतो.

मारलं कशाने? मुख्यतः शिशाने. शिकारी हरणाला गोळी घालतात, आतडी तिथेच टाकतात, त्यात शिशाचे कण, ते काँडरच्या पोटात. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी वापरायला बंदी आहे. आपल्या गिधाडांची गोष्ट याच्या शेजारची. आपल्याकडे डायक्लोफेनॅक. आजारी जनावराला वेदनाशामक द्यायचं, ते मेलं की गिधाडांनी खायचं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायचं. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. माझे आजोबा सांगायचे, गावात ढोर पडलं की तासाभरात पन्नास गिधाडं. मी कोकणात आख्खी सुट्टी घालवून तीन बघितली.

ओळखायची खूण. तिथे टर्की व्हल्चर भरपूर असतात आणि दर दुसरा माणूस त्यालाच काँडर म्हणून फोटो काढतो. टर्की व्हल्चर पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरतो आणि सारखा डुलतो, पतंगाला शेपूट कमी पडल्यासारखा. काँडर पंख सपाट धरतो आणि विमानासारखा सरळ जातो. मोठ्या काँडरच्या पंखाखाली पुढच्या बाजूला पांढरा त्रिकोण असतो. टर्की व्हल्चरची पांढरट झाक मागच्या कडेला. पहाटे किंवा उन्हं कलल्यावर हाय पीक्सच्या बाजूला बघा.

रानजाई
बाप रे, माहितीचा खजिनाच झाला. एक शंका. नकाशावर चालोन पीक म्हणून सगळ्यात उंच टोक दिसतंय, तिथे म्हणे लुकआउट आहे. ते काय आहे?

टेकडीवाला
नॉर्थ चालोन पीक, ३३०४ फूट. वर वणव्यावर नजर ठेवायची जुनी चौकी आहे. जाऊन-येऊन ९ मैल आणि दोन हजार फुटांवर चढ. गर्दी अजिबात नाही. पण अख्खी वाट झुडपांतून, सुळक्यांकडे पाठ. अण्णांना पहिल्याच वेळी तिथे नेऊ नका. 'चालोन' हे इथल्या मूळ लोकांचं नाव, ते तेवढं त्यांना सांगा.

आणि कुठल्याही ट्रेलवर तीन-तीन पानांच्या चकचकीत झुडपाला हात लावू नका. पॉइझन ओक. आपल्या बिब्ब्याच्या कुळातलंच आहे. मी एकदा बसलो होतो. यापुढे लिहीत नाही.

आईची_धावपळ
😂😂 बसलात?!

चहाबाज
गुहेत दरोडेखोर लपायचे असं ऐकलं होतं. खरं का?

बेसाल्ट
तिबुर्सिओ वास्केझ. इथल्या गुहांत लपायचा अशी आख्यायिका आहे. १८७५ मध्ये सॅन होजेत फाशी दिलं, तेवढं मात्र नक्की. मेला तेव्हा त्याला एकच गेट माहीत होतं की दोन्ही, इतिहासाला ठाऊक नाही.

रानजाई
मंडळी, जाऊन आलो! काल. एप्रिलचा दुसरा रविवार. एकच गाडी, एकच गेट, पिशवी माझ्या मांडीवर.

पावणेआठला बेअर गल्चला पोचलो, गाडी लागली. डोंगरउतारावर पिवळी-नारिंगी फुलं आणि इतक्या मधमाश्या की वाट गुणगुणत होती. तिथल्या पाटीवर वाचलं, या एवढ्याशा पार्कात ४०० च्या वर जातींच्या मधमाश्या आहेत.

ओव्हरलुकपर्यंत अण्णा पाऊण तासात. मी त्यांच्या मागे. कठड्याशी उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. साताऱ्याच्या माणसाने दोन मिनिटं डोंगराबद्दल न बोलणं म्हणजे काय, ते सातारकरच जाणे. समोरचे सुळके उन्हात आधी राखाडी होते, बघता बघता विटकरी झाले. मग ते म्हणाले, "इथे गड का नाही बांधला कुणी?" नवरा म्हणाला, पाणी नाही. अण्णा म्हणाले, "टाकं खोदायचं." पुढची दहा मिनिटं ते बोटाने दाखवत होते, बुरूज कुठे, दरवाजा कुठे, चोरवाट कुठे. दरवाजे दोन काढले. मी हसले तर म्हणाले, "हसू नकोस. दोन दरवाजे असले की वेढा फसतो."

हाय पीक्सला गेलो. कोरलेल्या पायऱ्यांवर काठी पाठीला लावली, कठडा घट्ट धरला. एका खळग्याशी थांबून त्यांनी हात फिरवला आणि "छिन्नी चांगली चाललीय" म्हणून पावती दिली. मी स्वतः तो टप्पा बसून, सरकत, डोळे खडकावर लावून पार केला. गोदाकाठ, समोरून शाळा नव्हती, देवाची कृपा.

आणि गिधाडमित्र, दिसला! वरच्या खिंडीत पाणी पीत होतो. आधी आवाज आला. पंख फडफडल्याचा नव्हे, जाड कापड वाऱ्यात ताणल्यासारखा, सूं करून. मान वर केली तर डोक्यावर तीस-चाळीस फुटांवरून गेला, अजिबात न डुलता. पांढरा त्रिकोण दिसला, बिल्लाही दिसला, नंबर वाचायच्या आत सुळक्याआड. लेक म्हणाली, "आई, त्याने आपल्याला बघितलं." अण्णांनी टोपी काढली होती. का, ते विचारलं नाही.

गिधाडमित्र
वा! तीस फुटांवरून! मी चार वेळा गेलो आणि मला एक काळा ठिपका दिसलाय. अण्णांना नमस्कार सांगा. जरा जळतोय.

चहाबाज
आणि या वेळी धपाटी किती निघाली?

रानजाई
वीसच्या वीस. पिशवी माझ्याकडे होती ना.
अण्णांना काल रात्री हा धागा वाचून दाखवला. सगळ्यांची नावं विचारली, नानांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. ते म्हणाले माझाही निरोप लिही. सांगतील तसं टंकतेय:

"सर्वांस नमस्कार. माहिती उपयोगी पडली. टेकडीवाला यांनी काठीबद्दल लिहिले ते बरोबर होते. कोथरूडच्या नानांनी अवश्य यावे, कोकणकडा कुठे पळून जात नाही. सूनबाईंनी मागच्या वेळच्या धपाट्यांवरून त्या मित्रावर जो संशय घेतला, तो मागे घ्यावा. मुलगा सज्जन आहे. तो बाल्कनीज गुहेत टॉर्चचे सेल बदलत होता, त्याला दहा मिनिटे लागली. मी बाहेर दगडावर बसलो होतो. समोर डोंगर होता, भूक लागली होती. ठेचा थोडा कमी होता."